घरच्या स्टुडिओत हलगी कशी कडाडेल?

१९९१ साली वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून 'जनरल मिडी' नावाची एक यादी ठरवली. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, अमुक क्रमांकाला पियानो आणि तमुक क्रमांकाला बासरी वाजलीच पाहिजे, असा तो करार होता. यादीत १२८ वाद्यं आहेत. त्यांत १०५ व्या जागी सतार आहे, ११२ व्या जागी सनई आहे. तालवाद्यांसाठी ३५ ते ८१ या क्रमांकांच्या ४७ जागा वेगळ्या राखल्या. तिथे बोंगो आहे, कोंगा आहे, माराकास आहे, ब्राझीलचं क्विकासुद्धा आहे. तबला नाही, ढोलकी नाही, मृदंग नाही. हलगी तर नाहीच नाही.

या गोष्टीला तीन दशकं उलटून गेली, तरी स्वस्त कीबोर्ड, मोबाइलवरची फुकट ॲप आणि घरगुती रेकॉर्डिंगची बरीच सॉफ्टवेअर आजही त्याच यादीच्या पायावर उभी आहेत. सोलापुरात एका खोलीत, लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन गाणी करणारी मुलं आता थोडीथोडकी नाहीत. कुणी सिद्धरामेश्वरांच्या यात्रेसाठी गाणं करतं, कुणी गणपती मंडळासाठी, कुणी भीमजयंतीसाठी. आवाज चांगला असतो, शब्द मनापासून लिहिलेले असतात, चालही धरून ठेवते. ठेका सुरू झाला की मात्र लगेच कळतं, हे यंत्र वाजतंय. यात यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. ठेका लिहिणाऱ्यानं वाजवणाऱ्याचा हात नीट पाहिलेला नसतो, हे खरं दुखणं आहे. हात पाहिला तर साध्या लॅपटॉपवरही हलगी कडाडते.

आधी एका रास्त शंकेचं उत्तर देतो. सोलापूरसारख्या गावात हलगीवाला हाकेच्या अंतरावर असताना प्रोग्रामिंग कशाला? कारण आपली घरं तालवाद्य रेकॉर्ड करायला बांधलेली नसतात. ड्रमसेट रेकॉर्ड करायचा तर सात-आठ माइक, तितके माइक जोडता येतील असा इंटरफेस आणि आवाज मुरेल अशी मोठी खोली लागते. शहराच्या पूर्व भागात घराला घर लागून, आणि कित्येक घरांत यंत्रमाग. मागाची धडधड भिंतीतून, फरशीतून माइकपर्यंत पोचते. ती अडवायला भिंतीवर सोलापुरी चादरी टांगणारेही आहेत. चादरीनं खोलीतला कर्कशपणा कमी होतो, हे खरं. पण शंभर हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. तिला चादरीच्या जाडीचा काहीच अडसर होत नाही. त्यामुळे रात्री चाल सुचली तर हेडफोन लावून ठेका लिहिणं हाच मार्ग उरतो. शिवाय चाल बांधता बांधता ठेका पुन्हा पुन्हा बदलतो, आणि प्रत्येक बदलासाठी वादकाला बसवून ठेवणं त्याला परवडत नाही आणि आपल्यालाही नाही.

तर हलगी. लोखंडी कड्यावर, पूर्वी लाकडी कड्यावर, ताणून बसवलेलं कातडं, मागची बाजू उघडी. वाद्य पट्ट्यानं खांद्याला अडकवतात. उजव्या हातात आखूड, जाड टिपरू. डाव्या हातात बारीक, लांब, लवचीक काडी, आणि हा हात कड्याच्या काठावर टेकलेला. अर्धं मर्म इथेच आहे. टेकलेल्या हाताला मनगटापुरतीच हालचाल मिळते, म्हणून काडीचा आवाज बारीक, कोरडा, 'चट्' असा येतो आणि तो टिपरूच्या आघाताइतका मोठा कधीच होत नाही. उजवा हात मोकळा असतो. तो कातड्याच्या मध्यावर पडला की हलगी घुमते, काठाकडे सरकला की कडाडते. डाव्या हाताची बोटं कातड्यावर दाबली की तोच आघात दबका, बंद होतो. म्हणजे एका हलगीत निदान चार वेगळे आवाज आहेत: मध्याचा, काठाचा, दाबलेला आणि काडीचा. इंटरनेटवरून उतरवलेल्या 'हलगी' नावाच्या फायलीत बहुधा एकच सापडतो, काठाचा, तोही पूर्ण ताकदीनं मारलेला. त्या एका आवाजावर ठेका उभा केला की दोन हातांचा सवाल-जवाब संपतो आणि नुसता गोंगाट उरतो.

हलगीला ठरावीक सूर का नसतो, हेही समजून घेण्यासारखं आहे. सगळीकडे सारख्या जाडीचं गोल कातडं वाजलं की त्यातून मूळ कंपनाच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी कंपनं निघतात. ती पूर्ण पटीत नसल्यामुळे कानाला एक सूर सापडत नाही. तबल्यात आणि मृदंगात तो सापडतो, कारण शाईमुळे कातड्याचं वजन मधोमध वाढतं आणि कंपनं पूर्ण पटींच्या जवळ येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९२० साली 'नेचर'मध्ये हे मांडलं, नोबेल मिळण्याच्या दहा वर्षं आधी. घरी गाणं करणाऱ्याला याचा थेट उपयोग होतो. ढोलकी किंवा तबला घेतला तर तो गाण्याच्या पट्टीला मिळवावाच लागतो. त्यासाठी सॅम्पल दोन-तीन अर्धस्वरांपेक्षा जास्त वर-खाली ओढलं तर ते खोटं वाटू लागतं, कारण सुराबरोबर वाद्याचा आकारही बदलल्यासारखा ऐकू येतो. पलीकडच्या पट्टीचं गाणं असेल तर त्या पट्टीत मिळवलेल्या ढोलकीचं वेगळं सॅम्पल शोधणंच बरं.

हलगीला पट्टी नसली तरी चढ-उतार आहे. हलगीवाला वाजवण्यापूर्वी कागद किंवा पाचोळा पेटवून ती शेकतो. कातड्यातला ओलावा उडाला की ताण वाढतो, आवाज चढतो. मिरवणूक लांबली, हवा दमट झाली की हलगी उतरते आणि पुन्हा जाळावर धरावी लागते. शेजारी शेजारी वाजणाऱ्या दोन हलग्या म्हणूनच कधी अगदी सारख्या चढलेल्या नसतात, आणि आपल्या गाण्यातही त्या तशा ठेवू नयेत. आता फायबरचं पान लावलेल्या, नटबोल्टनं आवळायच्या हलग्याही आल्या आहेत. त्यांना जाळ लागत नाही, पण त्यांचा आवाज जास्त टोकदार असतो. जुन्या वळणाच्या गाण्यात तो टोचतो.

आता यंत्राकडे येऊ. १९८३ साली मिडी ही वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याची पद्धत आली. तिच्यात प्रत्येक आघातासोबत १ ते १२७ मधला एक आकडा जातो. त्याला व्हेलॉसिटी म्हणतात, म्हणजे पट्टी किती वेगानं दाबली गेली ते. माऊसनं ठेका लिहिला की सॉफ्टवेअर सगळ्या आघातांना एकच आकडा देऊन मोकळं होतं. ठेका निर्जीव होण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच. पण नुसता आवाज लहान-मोठा करूनही भागत नाही. जोरात मारलेल्या आघाताचा आवाज कमी केला म्हणून तो हळू मारलेला आघात होत नाही. हळू मारलं की वरची कंपनं नीट उठतच नाहीत, आवाजाचा रंगच निराळा येतो. म्हणून चांगल्या ड्रम सॉफ्टवेअरमध्ये एकाच वाद्याचे हळू, मध्यम, जोरात असे थर वेगवेगळे रेकॉर्ड केलेले असतात, आणि प्रत्येक थरात तोच आघात चार-सहा वेळा वाजवून घेतलेला असतो. यंत्र त्यातला एकेक आळीपाळीनं वाजवतं. याला राउंड रॉबिन म्हणतात.

एवढा खटाटोप का लागतो, हे यंत्रमागाशेजारी राहणाऱ्याला सांगायला नको. मागाचा खटका तासन्‌तास हुबेहूब तसाच पडत राहतो आणि थोड्या वेळानं कान तो ऐकणंच सोडून देतो. माग बंद पडला की तेवढं लक्षात येतं. हुबेहूब एकसारख्या ठेक्याचंही कानात तेच होतं. आघाताआघातात बारीक फरक असला की कान जागा राहतो.

दुसरं कारण वेळेचं. १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन यांनी 'एलएम-१' हे यंत्र आणलं. खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज डिजिटल रूपात वाजवणारं ते पहिलं ड्रम मशीन. त्याच वर्षी जपानच्या रोलंड कंपनीचं टीआर-८०८ आलं. त्यातले आवाज रेकॉर्ड केलेले नव्हते, सर्किटनं घडवलेले होते. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच ८०८ घेऊन दहा रागांची डिस्को तबकडी केली. तेव्हा तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही, आज जगभरचे लोक ती शोधून ऐकतात. लिन यांच्या यंत्रानं मात्र दोन गोष्टी अशा दिल्या की त्या आज प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहेत. एक, बोटानं वाजवताना मागेपुढे झालेला आघात जवळच्या चौकटीत आपोआप बसवणं, म्हणजे क्वांटाइझ. दुसरी, त्या चौकटीलाच थोडं डोलायला लावणं, म्हणजे स्विंग.

स्विंगचं गणित सोपं आहे. मिनिटाला १२० ठोक्यांचा वेग घ्या. एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग १२५ चा. स्विंग ५० टक्के ठेवला तर सगळे भाग समान पडतात. तो ५४ केला की प्रत्येक जोडीतला दुसरा आघात १२५ ऐवजी १३५ व्या मिलिसेकंदाला येतो. फरक अवघा दहा मिलिसेकंदांचा, पण मान हलायला लागते. ६६ टक्क्यांना जोडी दोनास एक या प्रमाणात फुटते आणि ठेका सहा मात्रांच्या अंगानं चालू लागतो.

आपल्या लोकठेक्यांची सगळी मजा या दोन टोकांच्या मधे आहे. हलगीचा, संबळाचा, ढोलकीचा ठेका मोजायला बसलं की कधी तो चारात मोजावासा वाटतो, कधी सहात. वादक मधल्या जागेत राहतो. लय चढली की सरळ होतो, सैल झाली की डोलतो. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर मात्र चारच्या रेघा असतात नाही तर तीनच्या. हलगी ५० वर ठेवली तर कवायत होते, ६६ वर ठेवली तर गुळगुळीत होते. ५६ ते ६२ च्या दरम्यान कुठेतरी तिची जागा असते आणि ती कानानंच शोधावी लागते. गाण्याचा वेग वाढवला की ती जागा थोडी सरळाकडे सरकवायची, हे ध्यानात ठेवलं तर शोध लवकर संपतो.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'ह्यूमनाइझ' नावाची एक सोय असते. ती आघात थोडे मागेपुढे करते, पण प्रत्येक आघाताचा निर्णय सुटा, आधीच्याशी संबंध न ठेवता घेते. माणूस तसं वाजवत नाही. २०११ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होल्गर हेनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं. माणसाचा एक आघात किंचित मागे पडला तर पुढचे काही आघातही त्याच बाजूला कलतात, मग हळूहळू सावरतात. हे हेलकावे एकमेकांत गुंतलेले असतात. एकच गाणं सुट्या फरकांनिशी आणि अशा गुंतलेल्या फरकांनिशी ऐकवलं, तेव्हा ऐकणाऱ्यांनी दुसऱ्याला पसंती दिली. पुढे २०१५ साली जेफ पोर्कारो या अमेरिकी ड्रमरचं १९८२ च्या एका गाण्यातलं हाय-हॅट असंच मोजलं गेलं. पोर्कारो म्हणजे लयीला अत्यंत पक्का माणूस. त्याच्याही हातात तसेच गुंतलेले हेलकावे निघाले.

म्हणून माझा सल्ला असा की ठेका माऊसनं लिहू नये, बोटांनी वाजवावा. छोटा मिडी कीबोर्ड पुरतो. त्याहून उत्तम म्हणजे ऑक्टोपॅड. रोलंडनं पहिला ऑक्टोपॅड १९८५ साली काढला आणि आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांनी, बँजो पार्ट्यांनी तो असा काही आपलासा केला की आज वरातीत त्याच्यावाचून अडतं. ऑक्टोपॅड लॅपटॉपला जोडता येतो, आणि तो सफाईनं वाजवणारा गल्लीतला मुलगा हा कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा चांगला प्रोग्रामर असतो. वाजवताना इंटरफेसचा बफर १२८ च्या आसपास ठेवा. ४४,१०० च्या दरानं तो विलंब तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. १०२४ वर ठेवला तर तेवीस मिलिसेकंदांचा होतो, आणि हात व कान यांचं जमेनासं होतं. वाजवून झालं की क्वांटाइझ पूर्ण लावू नका. पन्नास-साठ टक्के लावलं तर चुका सावरतात आणि हात शिल्लक राहतो.

बोटांनी वाजवणं शक्यच नसेल तर आकडे हातानं भरावे लागतात. एक आवर्तन जवळून पाहू. सहा मात्रांचा साधा ठेका, आवर्तनाला बरोबर एक सेकंद, म्हणजे मात्रा सुमारे १६७ मिलिसेकंदांची. पहिल्या मात्रेवर टिपरू मध्यावर, व्हेलॉसिटी ११८. दुसऱ्यावर काडी, ४५. तिसऱ्यावर टिपरू काठाला, ८०. चौथ्यावर पुन्हा मध्यावर, पण समेपेक्षा हलका, १००. पाचव्यावर काडी, ४०. सहाव्यावर काठाला ९२, कारण तो आघात पुढच्या समेला ढकलत असतो. पहिली आणि चौथी मात्रा चौकटीवर ठेवायची. काडीचे दोन्ही आघात आठ-दहा मिलिसेकंद मागे न्यायचे. सहावी मात्रा पाच-सहा मिलिसेकंद पुढे ओढायची. एवढ्यानंच ठेक्याला चाल येते.

हेच आवर्तन चिकटवत गेलं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या आवर्तनात सम ११२ वर उतरवा. तिसऱ्यात पाचव्या मात्रेची काडी गाळा. चौथ्याच्या शेवटच्या दोन मात्रांत चार आघातांचं उठान घ्या. नवखा माणूस इथे चढती रांग लावतो: ७०, ८०, ९०, १००. ऐकायला बरी वाटते, पण ती एकाच हाताची आहे. उठानात हात आळीपाळीनं पडतात, म्हणून आकडे असे हवेत: टिपरू ८४, काडी ६२, टिपरू १०४, काडी ७४. त्यानंतरची सम १२२ ला आणा आणि तिच्या पुढची मात्रा रिकामी ठेवा. दमदार उठानानंतर वादक क्षणभर हात सैल सोडतो. ती रिकामी मात्रा लिहिली की ऐकणाऱ्याला माणूस दिसतो. ही एक गोष्ट मी कुठल्याही महागड्या प्लगइनच्या वर ठेवीन.

एक हलगी साधली की पुढचा मोह होतो तिच्या पाच प्रती करण्याचा. त्यानं पाच हलग्या होत नाहीत. एखादा ट्रॅक जसाच्या तसा दुप्पट केला तर तो फक्त सहा डेसिबलनं मोठा होतो. दुसरी प्रत एक मिलिसेकंद सरकवली तर ५००, १५००, २५०० हर्ट्झचे आवाज एकमेकांना मारतात आणि हलगी पोकळ ऐकू येते. खऱ्या ताफ्यात प्रत्येकाची हलगी वेगळी, शेकण्याची तऱ्हा वेगळी, हात वेगळा. आणि अंतर वेगळं, हे सहसा विसरलं जातं. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवरच्या वादकाचा आघात आपल्याला २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज मिरवणुकीनं निघतात, तेव्हा रस्ताभर पसरलेल्या वाद्यांचा जो भरदार कल्लोळ होतो, त्यातला बराचसा भरदारपणा या अंतरांतून येतो. मंगळवेढा तालुक्यात हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाच्या यात्रेत धनगरी ढोल वाजतात. तिथे तर ढोलांच्या मधोमध उभं राहणाऱ्याला आणि कडेला उभं राहणाऱ्याला वेगळा ठेका ऐकू येतो. घरी हे करायचं तर निदान तीन वेगळी सॅम्पल घ्या, एक किंचित चढलेली, एक उतरलेली. समोरची हलगी चौकटीवर ठेवा, डावी-उजवीकडच्या दोन्ही दहा ते तीस मिलिसेकंद मागे, आणि त्यांचे वरचे सूर थोडे कापा. लांबून येणारा आवाज बोथट होतच असतो. उठान मात्र सगळ्यांनी एकत्र घ्यायचं नसतं. एक घेतो, बाकीचे ठेका धरून राहतात.

पाश्चात्त्य ड्रमसेटला तोच नियम: हात दोनच, पाय दोनच. स्नेअर आणि क्रॅश एकाच वेळी वाजत असतील तर त्या क्षणी हाय-हॅटवर काठी पडूच शकत नाही, ती नोंद पुसून टाका. क्रॅशखाली बहुतेक वेळा किक असते. उघडं हाय-हॅट बंद हाय-हॅटनं तोडलं गेलं पाहिजे. स्नेअरच्या मोठ्या आघातांच्या मधे २५ ते ४० व्हेलॉसिटीचे पुसट आघात पेरा. ते वेगळे ऐकू येत नाहीत, काढून टाकले की ठेका ओका वाटतो. बाकी ड्रमसेटची तयार सॉफ्टवेअर इतकी चांगली झाली आहेत की तिथे फार झगडावं लागत नाही. एक युक्ती मात्र सोलापूरकरांनी करून पाहावी. बीटल्सच्या शेवटच्या काळातल्या ध्वनिमुद्रणांत रिंगो स्टार आपल्या ड्रमवर टॉवेल टाकून वाजवत असे, त्यामुळे आवाज आखूड आणि मऊ यायचा. घरात जुना टॉम किंवा ढोल पडला असेल तर त्यावर टेरी टॉवेल टाकून एकेक आघात रेकॉर्ड करून पाहा. टॉवेलला आपल्याकडे तोटा नाही.

जागेचा विचारही करावा लागतो. प्लगइनमध्ये आधीपासून भरलेला घुमारा मोठ्या सभागृहाचा असतो. हलगी सभागृहात वाढलेली नाही, ती रस्त्यात वाढली. दहा मीटर रुंदीच्या रस्त्यात मधोमध वाजणाऱ्या हलगीचा आवाज भिंतीवर आदळून परत यायला साधारण २९ मिलिसेकंद घेतो, आणि वर आभाळ मोकळं असल्यामुळे लगेच विरतो. म्हणून तीस मिलिसेकंदांच्या आसपासचे एक-दोन आखूड पडसाद द्या, लांब घुमारा देऊ नका. कॉम्प्रेसर लावायचाच असेल तर त्याचा अटॅक वीस-तीस मिलिसेकंदांचा ठेवा. हलगीचा कडाका पहिल्या काही मिलिसेकंदांत असतो. तोच दाबला तर मागे उरतो तो फक्त कड्याचा खणखणाट.

इतकं सगळं केलं तरी एक उणीव राहते. मुळात हलगीचं सॅम्पलच चांगलं मिळत नाही. मग ते आपण का करू नये? करमाळा परिसरात घडलेल्या 'सैराट'साठी, २०१६ साली, अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद रेकॉर्ड केला. त्याला मोठं बजेट लागतं. हलगीचा ध्वनिसंग्रह करायला दोन माइक, एक शांत दुपार आणि एक चांगला वादक पुरतो. चार आवाज, प्रत्येकाच्या चार ताकदी, प्रत्येक ताकदीचे सहा आघात, असे ९६ आवाज होतात. एक माइक समोर तीन-चार फुटांवर, दुसरा मागच्या उघड्या बाजूला. मागच्या बाजूनं कातडं उलट दिशेनं हलत असल्यामुळे त्या माइकची फेज उलटी करायला विसरू नका, नाही तर घुमारा नाहीसा होतो. प्रत्येक आघात पूर्ण विरेपर्यंत वादकाला थांबायला सांगा. हलगी सुरुवातीला शेका आणि मधे उतरली तर पुन्हा शेका. मग हे आवाज 'डीसेंट सॅम्पलर'सारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बसवता येतात. सुटे आघात झाले की वादकाला क्लिक न देता मोकळं वाजवू द्या आणि तेही रेकॉर्ड करा. स्विंग किती ठेवायचा, काडी किती मागे पडते, सम किती चढते, हे सगळं त्या मोकळ्या वाजवण्यात मोजायला मिळतं.

आणि त्याला पैसे द्या. हलगी हे पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मातंग समाजानं सांभाळलेलं कसब आहे. गावगाड्यानं ते राबवून घेतलं, कलावंताचा मान दिला नाही. आज त्याच वादकाचा आवाज मिरवणुकीत मोबाइलवर टिपून लॅपटॉपमध्ये भरणं आणि त्यावर गाणी काढणं, हा त्याच रीतीचा पुढचा अध्याय होईल. बोलावून, ठरलेली बिदागी देऊन, हा आवाज पुढेही वापरला जाणार आहे असं स्पष्ट सांगून रेकॉर्डिंग करा. ध्वनिसंग्रहाला त्याचं नाव द्या, आणि त्या आवाजावर जितकी गाणी निघतील तितक्यांच्या खाली ते लिहा.

यात्रेत, जयंतीत, गणपतीत आणि लग्नसराईत चांगला हलगीवाला मोकळा सापडत नाही. पितृपक्षात मात्र सुपाऱ्या नसतात. सोलापुरात ते पावसाचे दिवस असतात, कातडं वरचेवर शेकावं लागेल, पण वादकाला निवांत वेळ असतो. यंदाच्या पितृपक्षासाठी आपल्या पेठेतल्या हलगीवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा.